एकशे चौदा नंबरचा सदरा

१

साल १९८६, मे महिन्याचा शेवटचा आठवडा. इस्रायलमधल्या एन-लिव्हने नावाच्या किबुत्झला, म्हणजे सगळं सामाईक असलेल्या शेतवसाहतीला, पन्नास वर्षं पूर्ण होत आली होती. भोजनगृहात प्रदर्शनाची टेबलं मांडून झाली होती आणि गव्हाची कापणी अर्ध्यावर आली होती. अशा वेळी, गुरुवारी सकाळी, दप्तरखान्यातून एक वही नाहीशी झाली.

सचिव योराम धुलाईघराच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा नेखामा इस्त्री करत होती. बत्तीस वर्षं तिनं तिथं काढली होती आणि आता ते तीच चालवत होती.

"नेखामा, इस्त्री खाली ठेव."

"ठेवली तर काम कोण करणार, तू? बोल तिथूनच."

"दप्तरखान्यात चोरी झालीय."

बायका खो खो हसल्या. जिथं कुणाचं काहीच स्वतःचं नाही तिथं चोर येऊन चोरणार काय?

"फेलिक्सचा चष्मा गेला असेल," एकजण म्हणाली. "कपाळावर बघ म्हणावं."

"बालगृहाची रोजनिशी गेलीय. एकोणपन्नास सालची."

हसणं थांबलं नाही, पण नेखामाला ते ऐकू येईनासं झालं. हातातली इस्त्री सदऱ्यावर तशीच टेकून राहिली.

"सदरा जळतोय, नेखामा," कोपऱ्यातून ब्रोंका म्हणाली. सहासष्ट वर्षांची ब्रोंका तिथं रोज मोज्यांच्या जोड्या लावत बसायची. आत्ताही तिनं मान वर केली नव्हती.

सदऱ्यावर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला होता.

योराम नेखामाला बाहेर लिंबाच्या झाडाखाली घेऊन गेला. "शनिवारी आमसभा आहे. मुलांनी बालगृहातच झोपायचं की आईबापांच्या घरी, यावर मत पडणार. आणि नेमकी तीच वही जाते! पोलिसांना बोलावलं तर पन्नासाव्या वर्षी तोंडाला काळं. तू शोध. कोंबड्यांच्या खुराड्यात रोज कोण जातं ते तू एका मोज्यावरून सांगितलं होतंस."

"ते सोपं होतं. मोज्याला पिसं होती."

"हेही घे मग." त्यानं खिशातून कापडाची एक चिंधी काढली. "कपाटाच्या खिळ्याला अडकली होती."

विटलेल्या निळ्या कापडाची पट्टी होती ती. तिच्यावर लाल दोऱ्यानं नंबर शिवला होता : ११४.

"कपड्यांवरचा हा नंबर ओव्हेदचा," योराम हळूच म्हणाला. "आमच्या अर्थप्रमुखाचा. आता सांग, मी काय करू?"

नेखामानं चिंधी मुठीत धरली. ती हो म्हणाली. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? त्या वहीत एक पान तिच्या स्वतःच्या हातचं होतं. त्या पानाच्या शेवटी दोन शब्द होते आणि सदतीस वर्षांत त्यांच्याबद्दल ती कुणाशी बोलली नव्हती. ज्यानं वही नेली त्यानं ते वाचले असणार.

२

दप्तरखान्याकडे जायला दोन वाटा होत्या. नेखामा लांबची वाट धरायची. जवळची वाट जुन्या बालगृहाच्या आजारखोलीवरून जाई आणि त्या खोलीच्या खिडकीत सहा काचा होत्या. पाच साध्या, एक जाड, हिरवट, बुडबुड्यांची. तिकडे बघणं तिनं कधीच सोडून दिलं होतं.

दाराशी दप्तर सांभाळणारा फेलिक्स उभा होता. पंचाहत्तरीचा, बर्लिनहून आलेला, मे महिन्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला. सबंध किबुत्झात एकच कुलूप होतं, ते त्याच्या दाराला. त्याची किल्ली भोजनगृहातल्या फळ्यामागे टांगलेली असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"काल संध्याकाळी सहा वाजता वही होती. आज सकाळी सातला नव्हती," तो म्हणाला. "आणि चोरानं कपाटाचं दार पुन्हा लावलं, धूळ पुसली. असला चोर मी पाहिला नाही."

"तुला ती वही प्रदर्शनात हवी होती?"

"मला सगळंच हवं होतं. लाजेचं वेगळं, मिरवायचं वेगळं, असं माझं कपाट नाही."

"वाचली होतीस?"

"मी क्रमांक घालतो, नेखामा. वाचायला लागलो तर रडायला वेळ पुरणार नाही." त्यानं चष्मा पुसला. "परवा गोठ्यातली यिफात येऊन वाचून गेली. दोन तास बसली होती. जाताना तिचे डोळे लाल झाले होते."

"आणखी कुणाला ठाऊक होतं?"

"तिनं बुधवारी दुपारी भोजनगृहात ओव्हेदला तोंडावर सांगितलं. 'शनिवारी वही वाचणार, मग बघते तुझी आकडेमोड.' अर्ध्या किबुत्झानं ऐकलं."

बुधवारी नेखामा डोळे तपासायला अफुला शहरात गेली होती. तिनं यातलं काहीच ऐकलं नव्हतं.

३

ओव्हेद अर्जेंटिनाहून एकसष्ट साली आला होता. पंचवीस वर्षं झाली तरी नळीनं माते चहा ओढायची सवय त्याची सुटली नव्हती. चिंधी बघताच तो भडकला.

"म्हणजे मी चोर? तू मला ओळखत नाहीस?"

"तुझ्या विजारी गेली पंचवीस वर्षं धुतेय. ओळखते."

"मग ऐक. माझं म्हणणं उघड आहे. मुलं घरी झोपवायची तर प्रत्येक घराला एक खोली वाढवावी लागेल. शंभर घरं! कारखाना कर्जाच्या हप्त्यांसाठी चालतोय. मी आमसभेत उभा राहून 'नाही' म्हणणार. मला वही कशाला चोरायला हवी?"

"यिफातनं वाचली तर तू हरशील म्हणून."

त्यानं नळी तोंडातून काढली. "मी हरलो तर एक सांगू? माझी धाकटी रोज झोपायच्या वेळी माझी बाही धरते. मी एकेक बोट सोडवून निघतो. हरलो तर घरी जाऊन बायकोला मिठी मारेन. पण पैसे नाहीत हे कुणीतरी सांगायलाच हवं ना!"

नेखामानं त्याच्या सदऱ्याची कॉलर उलटून बघितली. आत छापील फितीवर काळ्या अक्षरांत ११४ होतं. पंचावन्न सालापासून धुलाईघरात हातानं नंबर कुणी शिवलेला नव्हता. आणि किबुत्झात नंबर मरत नसे. माणूस गेलं, की तो पुढच्याला मिळायचा.

म्हणजे ही चिंधी ओव्हेदची नव्हती. त्याच्या आधीच्या एकशे चौदा नंबरवाल्याची होती.

तो माणूस अठ्ठेचाळीस सालीच मेला होता.

४

यिफात वासरांच्या गोठ्यात भेटली. गमबूट, डोक्याला रुमाल, एकोणतीस वर्षांची. तिचा मुलगा दोन वर्षांचा होता आणि बालगृहात झोपताना इतका रडायचा, की ती बाहेरच्या बाकावर बसून राहायची.

"मी चोरेन कशाला? मला तर ती सगळ्यांसमोर वाचायची होती."

"काय वाचणार होतीस?"

"घटसर्पाच्या साथीचं पान." तिनं बादली खाली ठेवली. "आजारखोलीत मुलांची नावं नाहीत, खाटांचे आकडे आहेत. खाट सहा. ताप एकोणचाळीस-आठ. आई खिडकीशी आली. नियमाप्रमाणे परत पाठवली. आणि पुढं काय लिहिलंय माहितेय? 'शांतपणे गेली.' दोन दिवसांनी ती खाट रिकामी! त्या हिवाळ्यात तीन मुलं गेली म्हणे. कसली आई असेल गं ती? पोर आत तापानं फणफणतंय आणि ही शांतपणे जाते? काय केलं होतं तुम्ही लोकांनी बायकांचं?"

नेखामानं गव्हाणीला हात टेकला.

"हे तू ओव्हेदला सांगितलंस. आणखी कुणाला?"

"बुधवारी धुलाईघरात सांगितलं. तू नव्हतीस. मी लेकाचे कपडे न्यायला आले होते आणि राहवलंच नाही. बायका रडल्या. एकटी ब्रोंका आपली मोजे लावत राहिली. दगड आहे ती म्हातारी."

यिफातनं बादली पुन्हा उचलली, मग थांबली.

"पानाखाली सही होती. नुसतं 'न'. नाओमी तेव्हा आली नव्हती, नुरित जन्मली नव्हती." ती नेखामाकडे बघू लागली. "नेखामा, तेव्हा बालगृहात कोण होतं?"

"शनिवारी सांगेन," नेखामा म्हणाली आणि निघाली.

५

धुलाईघरात दुपारी कुणी नसे. नेखामानं चिंधी टेबलावर पसरली.

आधी तिला वाटलं होतं, जुन्या सदऱ्याची कॉलर फाटली असेल. आता तिनं फीत लावून मोजली. गळ्याचा गोल पुरुषाच्या गळ्याच्या निम्मा भरला. दोन्ही टोकं कापून पुन्हा दुमडली होती, हाताच्या बारीक टाक्यांनी. चार-पाच वर्षांच्या मुलाचा गळा.

पण मुलांच्या कपड्यांना नंबर कधीच नसे. मुलांचे कपडे सगळ्या गटाचे, आज याच्या अंगात तर उद्या त्याच्या. एखाद्या आईनं आपल्या एकट्या पोरासाठी काही शिवणं म्हणजे गुन्हाच होता, त्यावर आमसभेत बोलणी बसत. मग मोठ्या माणसाचा नंबर लहान मुलाच्या गळ्याशी कसा आला? कुणीतरी मोठ्याचा सदरा कापून चोरून मुलासाठी शिवला होता आणि नंबर मुद्दाम ठेवला होता.

अठ्ठेचाळीस साली एकशे चौदा नंबर झल्मानचा होता. तो लढाईत पडला तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याचे कपडे कोठीत परत आले. पाच सदरे असायला हवे होते, चारच भरले. कोठीवाली फ्रूमा पंधरा दिवस भोजनगृहात ओरडत होती, "मेलेला माणूस सदरा घेऊन जात नाही! जिवंतांपैकी कुणी लपवलाय?"

लपवला होता त्याच्या बायकोनं. बापाचा सदरा मुलाच्या अंगावर चढावा म्हणून.

आता सगळं जुळलं. बुधवारी पानाबद्दल ऐकलेलं माणूस. कपाट पुसून ठेवणारं, चाळीस वर्षं दुसऱ्यांचं धुणं केलेलं माणूस. वही नेताना गुंडाळायला तोच सदरा बरोबर नेणारं माणूस. सगळ्या बायका रडत असताना मोज्यांच्या जोड्या लावत बसलेलं माणूस.

ब्रोंका.

दर रविवारी दोघी मिळून चादरींच्या घड्या घालायच्या. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. मग एकमेकींकडे चालत यायचं, टोकं जुळवायची आणि पुन्हा मागे जायचं. वीस वर्षं. आणि त्या वीस वर्षांत खिडकीचा विषय कुणीही काढला नव्हता.

६

शुक्रवारी चार वाजता नेखामानं ब्रोंकाचं दार वाजवलं. चार वाजता मुलं आईबापांच्या खोलीवर येतात. गवतावर सगळीकडे आरडाओरडा चालला होता. ब्रोंकाच्या खोलीत त्या वेळेला कुणी येत नसे, तरी टेबलावर केकचे दोन तुकडे कापून ठेवले होते.

"ये. मला वाटलं होतं तू कालच येशील," ब्रोंका म्हणाली. "म्हातारी झालीस, डोकं हळू चालतं तुझं."

"चष्मा बदललाय."

नेखामानं चिंधी टेबलावर ठेवली. ब्रोंकानं उशीखालून निळं गाठोडं काढलं आणि उलगडलं. आत वही होती. गुंडाळलेला सदरा एवढासा होता, गळ्याशी फाटलेला.

"माझ्या मिखानं तो एकदाच घातला," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी, शब्बातच्या सुट्टीला, पुन्हा घालायचा होता."

"ब्रोंका, वही का घेतलीस?"

"तुला वाचवायला नाही घेतली. तसं समजू नकोस." तिनं पान उघडलं, ते आपोआपच उघडलं. "त्या तीन दिवसांतलं मला काही आठवत नाही. खिडकीपर्यंत चालत गेल्याचं आठवतं. पुढं काळोख. मग थेट कबर. सदतीस वर्षं मी स्वतःला सांगत आले, की मी भांडले असेन, आरडाओरडा केला असेन. आईच होते ना मी? मग बुधवारी ती पोरगी येते आणि म्हणते, शांतपणे गेली." तिचं बोट त्या दोन शब्दांवर होतं. "मला डोळ्यांनी बघायचं होतं. बघितलं. तुझंच अक्षर आहे. तू खोटं कशाला लिहिशील?"

बाहेर कुणाची तरी मुलगी 'आई, बघ, आई, बघ' म्हणून कोलांट्या मारत होती.

खरं सांगण्याची किंमत काय, हे नेखामा जाणून होती. गप्प राहिली तर ब्रोंका सदतीस वर्षांची मैत्रीण म्हणून राहणार होती. बोलली तर कदाचित नाही.

"खोटं लिहिलं," ती म्हणाली. "तू शांतपणे गेली नाहीस. आत येऊ दे म्हणून तू माझ्या पाया पडलीस, मग शिव्या दिल्यास, पोलिश भाषेत. मी नियम सांगत राहिले. बावीस वर्षांची होते, नियमाशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं. मग तू हात मारून काच फोडलीस. मिखानं हाक मारली तुला. मी दोन माणसं बोलावली, त्यांनी तुला उचलून नेलं. वहीत तसं लिहिलं असतं तर तुझ्यावर आमसभा बसली असती, नवरा गेलेला, पोर आजारी. म्हणून मी ते दोन शब्द लिहिले. वाटलं, तुझ्यावर उपकार करतेय."

ब्रोंकानं वही मिटली.

"आत्ताही उपकारच करत असशील," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून. कशावरून खरं?"

नेखामा उठली. "चप्पल घाल."

७

जवळच्या वाटेनं त्या दोघी आजारखोलीशी आल्या. आता तिथं जुने पाळणे आणि मोडक्या तिचाक्या ठेवलेल्या असत. नेखामानं खिडकीतली हिरवट काच दाखवली.

"ही उबवणी यंत्राची काच. त्या हिवाळ्यात साधी काच मिळत नव्हती, म्हणून आर्येह सुतारानं पिल्लांच्या यंत्रातली काढून बसवली. आणि आर्येहला एक खोड होती, आठवते? संध्याकाळी कामाचे तास लिहून द्यायचे असत आणि तो विसरायचा. म्हणून जिथं काम केलं तिथंच खिळ्यानं तारीख कोरायचा."

तिनं चौकटीच्या खालच्या बाजूला बोट नेलं. रंगाचे चार थर चढले होते, पण खाच लागत होती. चष्मा नाकावर चढवून दोघी वाकल्या. *काच १. १९ जानेवारी ४९.* वहीतलं पान अठरा जानेवारीचं होतं.

ब्रोंकानं त्या खाचेवरून बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा, आंधळं माणूस वाचतं तसं. मग ती तिथंच पायरीवर बसली आणि रडली. सदतीस वर्षांत तिला रडताना कुणी बघितलं नव्हतं.

"त्यानं हाक मारली?"

"मारली."

"म्हणजे मी आले होते, हे त्याला कळलं."

"कळलं."

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. "दोन माणसं बोलावलीस तू."

"हो."

"आज मला तुझं तोंड बघवत नाही, नेखामा. जा. वही घेऊन जा, सदरा राहू दे."

८

शनिवारी शब्बात संपल्यावर आमसभा भरली. ओव्हेदनं आकडे सांगितले. मग यिफातच्या आधी नेखामा उभी राहिली. तिनं ते पान वाचलं, सही आपली असल्याचं सांगितलं आणि शेवटचे दोन शब्द खोटे का आहेत तेही सांगितलं. आईचं नाव तिनं घेतलं नाही. पण मागच्या रांगेतून ब्रोंका उठली आणि म्हणाली, "मी. मिखाची आई. काच मी फोडली." आणि खाली बसली.

मुलं घरी आणायचा ठराव एकोणतीस मतांनी मंजूर झाला. ओव्हेदनं हात वर केला तो कुठल्या बाजूनं, हे मोजणाऱ्यालाही नीट कळलं नाही म्हणतात.

रविवारी चादरींचा ढीग पडला होता. नेखामा एकटीच घडी घालायला धडपडत होती. साडेनऊला ब्रोंका आली, काही न बोलता तिनं समोरची दोन टोकं उचलली आणि चालत जवळ आली.

फेलिक्स दोन वर्षांनी गेला. कपाटातल्या त्या वहीला त्यानं नवा क्रमांक दिला होता आणि आत नेखामाच्या हातची एक पुरवणी जोडली होती. योराम तेल अवीवला गेला, विमा विकू लागला. खोल्या बांधून झाल्या, कर्ज मात्र फिटलं नाही. ओव्हेदनं शेवटी कारखान्याची अर्धी मालकी बाहेरच्याला विकली आणि त्या दिवशी भोजनगृहात कुणाशेजारी न बसता जेवला. यिफातची तिन्ही मुलं घरात झोपून मोठी झाली. एकही किबुत्झात राहिलं नाही. भोजनगृह आता फक्त दुपारी उघडतं आणि धुणं किलोवर घेतात.

ब्रोंका चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात गेली. नेखामानं लाल दोरा ओवला, ती चिंधी सदऱ्याच्या गळ्याशी पुन्हा जोडली आणि सदरा शवपेटीत तिच्या हाताखाली ठेवला. धुलाईघरातल्या पोरीला तिनं बजावलं, की ब्रोंकाचा नंबर आणि ओव्हेदनंतर एकशे चौदा आता कुणाला द्यायचे नाहीत. पोरगी म्हणाली, "आता नंबर मागायला येतंय कोण, नेखामा?"

पुढं जुन्या बालगृहात पाहुण्यांसाठी खोल्या केल्या. खिडक्या काढायला आलेल्या कंत्राटदाराकडे नेखामानं ती हिरवी काच मागितली.

"आजी, फुकट नाही देता येणार," तो हसून म्हणाला. "आता इथं सगळ्याची किंमत लागते."

तिनं किंमत विचारली, दिली आणि काच चौकटीसकट पोटाशी धरून जवळच्या वाटेनं घरी नेली.